बिनतारखेची बातमी

दारव्ह्याहून परत येताना जीपमध्ये मी माझाच आवाज ऐकला. एका लग्नाचं सूत्रसंचालन आटोपून मी यवतमाळला निघाले होते. लग्न, बारसं, पतसंस्थेची सभा, जिथे बोलावतील तिथे माइक धरायचा, हा माझा हल्लीचा उद्योग. जीपवाल्याने नेहमीसारखी माणसं कोंबली होती, मी खिडकीशी दबून बसले होते, आणि शेजारच्या बाईच्या मोबाइलमधून मी बोलत होते. "नमस्कार. लहान मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात फिरत असल्याचं नुकतंच उघडकीस आलं आहे. पालकांनी सावध राहावं." आवाज तरुण, ठणठणीत, कुठेही न अडखळणारा. बाईने व्हिडिओ संपवला, पुन्हा लावला, आणि मांडीवरच्या पोराला असं आवळलं की ते रडायला लागलं.

मी म्हटलं, "बाई, ही बातमी फार जुनी आहे."

"तुमाले काय मालूम? सकाळीच आली हे. भावानं पाठवली."

"मला माहीत आहे, कारण ती मीच वाचली आहे."

बाईने माझ्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. मी लग्नातून येत होते. काळेभोर रंगवलेले केस, पावडर, लिपस्टिक, काठाची साडी. छोट्याशा पडद्यावरची मी आणि जीपमधली मी यांत तिला काही फार फरक दिसला नाही. ती एकदम मागच्या सीटकडे वळून म्हणाली, "अवं, बातमीवाल्या बाई गाडीतच हाय! म्हंजे पक्की हाय बातमी!"

मग काय विचारता! जुनी आहे, खोटी आहे, असं मी जितकं ओरडून सांगत होते, तितकी ती बातमी त्या जीपमध्ये खरी होत चालली होती. एक म्हातारेबुवा मला समजावत होते, "घाबरू नका बाई, वरून दबाव आला असन तुमच्यावर, आमाले समजते." मी बसस्टँडवर उतरले तेव्हाही ते खिडकीतून मला धीर देत होते.

आता ही बातमीवाली बाई म्हणजे काय, ते सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या इथल्या एका दैनिकाच्या कंपनीने टीव्ही चॅनल काढले. एक यवतमाळला, आणि दारव्हा, मारेगाव, उमरखेड इथे एकेक. त्यांना ते 'स्टेशन' म्हणत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! उमरखेडचं स्टेशन म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली, एक सीडी लावायचं यंत्र आणि केबलची वायर. बातम्या सगळ्या यवतमाळला तयार होत. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर निळा पडदा लावून स्टुडिओ केला होता. खाली संध्याकाळी मशीन सुरू झालं की मजला थरथरायचा, म्हणून त्याआधी बातम्या वाचून मोकळं व्हायचं. मग त्या बातम्यांच्या सीड्या काढायच्या आणि पहाटे पेपरच्या गठ्ठ्यांमध्ये खुपसून तालुक्याला रवाना करायच्या. माझा चेहरा अनेक वर्षं पेपरच्या टॅक्सीतून, रद्दीसारखा सुतळीत बांधून, जिल्हाभर हिंडला.

गठ्ठा वेळेवर पोचला तर बातमी दुसऱ्या दिवशी दिसायची. नाल्याला पूर आला, टॅक्सी बिघडली, तर तिसऱ्या दिवशी. उमरखेडचा माणूस तर सीडी पोचली नाही की मागच्या आठवड्याची लावून द्यायचा. म्हणून संपादकसाहेबांनी नियम केला होता: टीव्हीवर तारीख बोलायची नाही. आज नाही, काल नाही, सोमवार नाही, मंगळवार नाही. म्हणायचं 'नुकतंच'. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, तारीख पेपरवर छापलेली असते. तुम्ही फक्त बातमी वाचा." तो 'नुकतंच' माझ्या जिभेवर इतका बसला की नवरा घरी चिडवायचा, "स्वयंपाक नुकताच झाला आहे का, की अजून दोन दिवस लागतील?"

ती मुलं पळवणाऱ्यांची बातमी मी वाचली तो दिवस मला पक्का आठवतो, कारण मला तेव्हा दिवस गेलेले होते. खालून येणाऱ्या शाईच्या वासाने मळमळायचं. टेबलाखाली मी बादली ठेवून बसायची आणि दोन बातम्यांच्या मधे कॅमेरावाल्याला हाताने थांब म्हणायची. कुठल्याशा गावात दोन अनोळखी बाया पकडल्या होत्या. त्या टोळीतल्या आहेत असं लोक म्हणत होते, तसंच लिहून आलं आणि तसंच मी वाचलं. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या सुया-मणी विकणाऱ्या होत्या आणि वाट चुकल्या होत्या. पेपरमध्ये खुलासा छापून आला, आतल्या पानावर का होईना, पण आला. टीव्हीवर तो कधीच आला नाही. कारण त्या दिवशीच्या सीड्या आधीच निघून गेल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी नव्या बातम्या होत्या. खुलाशाचा पेपर लोकांनी फरसाण बांधायला वापरला असेल. सीडी मात्र कपाटात राहिली.

पुढे केबलचं सगळं बदललं, घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले, कंपनीला चॅनल परवडेना. तिने चारही स्टेशनं एका केबलवाल्याला विकून टाकली, कॅमेरे, टेबल, निळा पडदा आणि कपाटांसकट. मी त्या कपाटात होते, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं? पेपरवाल्यांनी मला निरोपाला शाल आणि नारळ दिला आणि मी घरी आले. केबलवाल्याच्या माणसांनी कधीतरी त्या सीड्या उकरून एकेक तुकडा इंटरनेटवर टाकला. वरच्या कोपऱ्यात पेपरचं नाव तसंच. पेपरवर लोकांचा विश्वास होता, अजूनही आहे. ते चॅनल आता पेपरचे नाहीत, हे किती जणांना माहीत?

जीपमधला तो प्रसंग झाल्यावर मी केबलवाल्याच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, आमी तं केव्हाच काढलं ते. आता लोकंच फिरवून राह्यले, आमी काय करू?" पोलिसांत अर्ज दिला. त्यांनी तो नीट वाचला, सहानुभूतीही दाखवली, पण एकीकडून काढलं तर दुसरीकडे उगवतं म्हणाले. मग उमरखेडकडे एका भांडी विकणाऱ्याला गावाने धरून चोपल्याचं कानावर आलं. त्यांच्या हातात कोणता व्हिडिओ होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी टीव्ही लावेना, फोन वाजला की दचके. आपला चेहरा आपल्याला न विचारता गावोगाव फिरतो आहे आणि माणसांच्या हातात दगड देतो आहे, या विचाराने मला जेवण जाईना. भुताची भीती परवडली, ते निदान दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

आणि नेमकं त्याच दिवसांत माझ्या मुलीचं काम सुरू झालं. ती समाजकार्य शिकली आहे. एका संस्थेसाठी गावोगाव जाऊन लहान मुलांची वजनं करायची, दंडाला पट्टी लावून घेर मोजायचा, पोरं रडू नयेत म्हणून हातावर चिक्की ठेवायची. गावाला यात काय दिसणार? अनोळखी गाडी, अनोळखी पोरी, पोरांना जवळ बोलावतात आणि खाऊ देतात. मी म्हटलं, "जाऊ नकोस. महिनाभर थांब."

"आई, तू काहून इतकी घाबरून राहिली? गळ्यात कार्ड आहे, सरपंचांना फोन करूनच जातो आम्ही."

"कार्ड कोण वाचतं, बाई?"

"मग काय घरात बसू?" ती म्हणाली आणि डबा घेऊन गेली. हट्टीपणा कुणाचा घेतला ते विचारू नका.

रविवारी माझा एक कार्यक्रम होता. त्याच्या आधी दोन-तीन दिवस, सकाळची कामं उरकून मी केसांना रंग लावायला बसले. महिना होत आला होता, मुळं चांगलीच पांढरी दिसत होती. खरं तर मुळंच काय, डावी बाजू तर रंग उडून पांढरीच पडली होती. वाटीत रंग कालवला, अंगावर जुना टॉवेल घेतला, उजवी बाजू लावून झाली, आणि फोन वाजला.

"आई, बोलू नको. फक्त ऐक." मुलीचा आवाज इतका बारीक होता की मला आधी वाटलं तिला ताप भरलाय. "मारेगावच्या पुढच्या गावात आहे. लोकांनी गाडी अडवली. आम्ही तिघं आत आहो, काचा लावल्या. ड्रायव्हरला ओढून राहिले. एकशेबाराला फोन केला, पोलीस निघाले म्हणतात, पण दूर आहेत."

"सरपंच?"

"तालुक्याला गेले. आई, त्यांच्या मोबाइलवर तू आहेस. ते तुलाच दाखवून राहिले. मी सांगितलं ती माझी आई आहे, तर म्हणाले, पाहा कशी खोटी बोलते."

मागून काचेवर थापा पडत होत्या. त्या थापा मी अजून ऐकते. कुकरची शिट्टी झाली तरी ऐकते. मी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. नवऱ्याला ऑफिसात फोन करायचा तर हा फोन ठेवावा लागला असता, आणि हा ठेवला तर पुन्हा लागेल याची काय खात्री? मी म्हटलं, "व्हिडिओ लाव. फोन त्यांच्याकडे कर. काच उघडू नको, आतूनच दाखव."

आधी नुसते हात दिसले, मग काचेला चिकटलेलं एक कपाळ. पाच-पन्नास माणसं तरी असतील. कुणाच्या हातात काठी होती, एकाच्या हातात फवारणीच्या पंपाचा दांडा. पण मला खरी भीती वाटली ती त्यांच्या तोंडांची. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला समजावता येत नाही, हे मी जीपमध्ये शिकले होते. माझ्या पोरीसाठी मी जितकी भ्यायले होते, तितकेच ते त्यांच्या पोरांसाठी भ्यायले होते, आणि त्यांना भ्यायला मीच सांगितलं होतं.

काय बोलावं ते सुचेना. मग पाठ आपोआप ताठ झाली, हनुवटी किंचित वर गेली, आणि तोंडातून जुन्या सवयीने निघालं, "नमस्कार."

काचेवरच्या थापा थांबल्या. "अबे, आवाज तं तोच हाय," कुणीतरी म्हणालं.

"तीच आहे मी. ती बातमी मीच वाचली होती. खूप वर्षं झाली तिला. कोणतीही टोळी आलेली नाही. गाडीत माझी मुलगी आहे."

एका पोरसवदा दाढीवाल्याने आपला मोबाइल काचेला लावला. त्यात मी होते, गुलाबी साडी, लांब काळी वेणी पुढे घेतलेली. तो ओरडला, "हे पाहा ना कशी कवळी हाय! आन हे कोण बुढी? कोनालेबी फोन लावून देते का बे आमाले येडं बनवाले?" पुन्हा गलका झाला. गाडी हलताना मला पडद्यातून दिसली. मुलीने पुढच्या सीटला एका हाताने घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने फोन काचेशी धरून ठेवला होता. ती रडत नव्हती. मी तिला पोहायला शिकवलं नाही, गाडी शिकवली नाही, आणि हे तिला कुणी शिकवलं?

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. कपाळावर गोंदण, डोईवर पदर. तिने दाढीवाल्याचा मोबाइल ओढून घेतला, डोळ्यांशी नेला, मग काचेला नाक लावून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मोबाइल, पुन्हा मी. "हनवटीवरचा तीळ तोच हाय," ती म्हणाली. "आन तुह्या डोक्याले काय झालं वं माय?"

मी डोक्याला हात लावला तर बोटं काळी झाली. अर्धं डोकं काळं, ओलं, कानावरून ओघळ मानेवर आलेला, आणि अर्धं पांढरं, पिंजारलेलं. मी म्हटलं, "रंग लावत होते. पोरीचा फोन आला. तशीच उठले."

म्हातारी हसली. बोळकं तोंड उघडून, अगदी खळखळून. "पाहा वं, अर्धं डोस्कं रंगवून बसली!" दोघी-तिघी बाया पुढे आल्या, पदर तोंडाला लावून बघू लागल्या. दाढीवाला म्हणाला, "सोंग असन आजी, सोंग!" तशी ती त्याच्यावर कडाडली, "अबे मुडद्या, सोंग घेतलं असतं तं पुरं डोस्कं रंगवून नसती बसली? मायच हाय थे. दुसरं कोन अशी उठते?"

"मंग बातमी कवाची?" मागून एकाने विचारलं. त्याच्या कडेवर लहान मुलगी होती.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बातमीची तारीख विचारत होतं, आणि मला तारीख आठवत नव्हती. मी म्हटलं, "दादा, मी ती बातमी वाचली तेव्हा ही गाडीतली पोरगी माझ्या पोटात होती. आता तुम्हीच हिशोब करा."

सगळ्यांनी गाडीत पाहिलं. माझी मुलगी चांगली साडेपाच फूट आहे, बापावर गेली आहे. म्हातारीने काचेवर टकटक केलं आणि तिला बाहेर यायची खूण केली. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "उतरू नको!" पण ती उतरली. म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. मग फोन कुठेतरी खाली ठेवला गेला आणि मला नुसतं ढगाळ आभाळ दिसत राहिलं. पोलिसांची गाडी आल्याचा आवाज येईपर्यंत मी त्या आभाळाकडे बघत बसले होते.

मग मी नवऱ्याला फोन केला, आणि संध्याकाळी तो तिला घेऊन आला. ड्रायव्हरच्या मनगटाला पट्टी बांधली होती म्हणे, बाकी सगळे धड होते. तिच्या पिशवीत त्या म्हातारीने दिलेल्या शेवग्याच्या शेंगा होत्या. मी तिला जवळ घेतलं तेव्हा कळलं, पोरगी आता कुठे थरथरायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी संपादकसाहेबांचा फोन आला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली त्यांना. मला वाटलं, झालेलं कळलं असेल, चौकशीला केला. तर म्हणाले, "बाई, टोळी आली आहे म्हणे जिल्ह्यात. नातवाला मी आता स्वतःच शाळेत पोचवतो. आपल्याच चॅनलवर पाहिलं."

"साहेब, तो आपला चॅनल आता नाही. आणि ती आपली जुनी बातमी आहे."

"हो? पण आपली आहे म्हणजे खात्रीचीच असणार." मग त्यांनी विचारलं, "कधीची हो?"

"तारीख पेपरवर छापलेली असेल साहेब," मी म्हटलं आणि फोन ठेवला. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोलले.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, आता ते काम सोडून दे. मीही तेच म्हटलं, हात जोडून म्हटलं. मुलगी भाताची शितं गोळा करत होती. "रविवारपासून पुढची गावं आहेत," ती म्हणाली. "मी नाही गेले तर दुसरी कोणी जाईल. तिची आई काही बातम्या वाचत नव्हती, तिला कोण सोडवणार?" मग माझ्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या डोक्याकडे तिने पाहिलं. रविवारच्या कार्यक्रमासाठी मी नवीन रंगाचं पाकीट आणून ठेवलं होतं, ते समोरच फळीवर होतं.

"आई," ती म्हणाली, "एवढी गावं होईस्तोवर केस काळे करू नको. पुन्हा तुला दाखवावं लागलं तर?"

मी पाकीट फळीवरून काढलं आणि शेजारणीला देऊन टाकलं. रविवारी तशीच स्टेजवर उभी राहिले. लोक आधी कुजबुजले, मग हसले, मग विसरले. निवेदकाने फोन बंद ठेवायचा असतो. माझा चालू होता, माइकच्या शेजारी, स्क्रीन मला दिसेल असा ठेवलेला.